चिएकोच्या घरचं अभ्यंगस्नान

आईने यापुढे कुठे राहायचं, यावर शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बसता बसता सगळ्यांची मतं सांगून झाली. आईचं मत कुणी विचारलं नाही. तिला मत नसेल असं कुणाला वाटत होतं असं नाही, पण त्या घरात तशी पद्धतच पडली नव्हती.

जनार्दनचं म्हणणं सरळ होतं. येत्या तीस नोव्हेंबरला नोकरी संपली, व्हिसा संपला, खलास. चौतीस वर्षं ओमानच्या खडकात पाइप गाडून झाले. आता दोघांनी कोकणात कडवईला जायचं, त्याने अंगणात खुर्ची टाकून बसायचं आणि वसुंधरेने चहा करायचा.

"घर बंद राहून वाशांना वाळवी लागली," तो म्हणाला. "आम्ही दोघं गेलो की सगळं मार्गी लागेल."

"बाबांचं बरोबर आहे," धनेश म्हणाला. थोरला मुलगा, मस्कतमध्ये अल् खुवैरच्या ऑफिसात इंजिनियर, हाताखाली बारा माणसं. पण बाबांचं बरोबर असतं हे तो चौथीत शिकला आणि पुढे ते कधी तपासून पाहिलं नाही.

सोनलने नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि सासऱ्यांकडे वळली. "बाबा, दोघांनी जायची काय घाई? तुम्ही पुढे होऊन घराचं बघा. आईंना आम्ही धनेशच्या व्हिसावर घेतो. इरा शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नसतं. किती दिवस शेजारी बसवायची तिला?"

"वहिनी, आई म्हणजे तुझं डे-केअर नाही हं," यशश्री उसळली. ती मस्कतमध्येच घुब्र्याच्या शाळेत शिकवायची, तिथेच फ्लॅट घेऊन एकटी राहायची. "जन्मभर तिने दुसऱ्यांचंच केलंय. आता तिने स्वतःसाठी जगायचं. इंडिपेंडंट व्हायचं. ती माझ्याकडे येईल."

"तुझ्याकडे राहून इंडिपेंडंट?" सोनल म्हणाली.

आठ वर्षांची इरा इतका वेळ माशाचे काटे बाजूला काढत होती. तिने मान वर केली. "बट आजी कुणाची आहे, ॲक्च्युअली? म्हणजे, हू गेट्स हर?"

सगळे हसले. वसुंधराही हसली आणि प्रत्येकाच्या ताटलीत एकेक करंजी ठेवत गेली.

सगळे जेवायला बसले होते ते नखलच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातलं घर म्हणजे सहा खोल्यांची सराय. चालवणारी चिएको. तिच्या आईवडिलांची जपानमध्ये डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर अशीच सराय होती, ती बंद पडली. शिकायला तिकडे गेलेल्या सालिमशी लग्न करून ती या गावात आली, आणि सालिमच्या आजोबांच्या बागेत गरम झरा आहे हे कळल्यावर पंधरा वर्षं एकच हट्ट धरून बसली. शेवटी दोन वर्षांपूर्वी सराय उभी राहिली. पाइपांचं सगळं काम जनार्दनने, म्हणजे तिथल्या जना फोरमनने केलं होतं. त्याची रिटायरमेंट आहे हे ऐकून चिएकोने अख्ख्या कुटुंबाला दिवाळीचे दोन दिवस पाहुणे म्हणून बोलावलं होतं.

म्हणजे बोलावण्याचं हे एक कारण. दुसरं कारण वसुंधरेच्या पर्समध्ये, उटण्याच्या पुडीशेजारी घडी घालून ठेवलं होतं.

काम चालू असताना दोन हिवाळे ती दर शुक्रवारी नवऱ्याचा डबा घेऊन इथे यायची. चिएकोला थोडं इंग्रजी, गावात राहून शिकलेलं अरबी. वसुंधरेला शेजारणींकडून उचललेलं अरबी. तेवढ्यावर दोघींचं छान जमलं. वसुंधरेचं माहेर तुरळचं. तिथे गरम पाण्याचं कुंड, आणि तिचे वडील ते कुंड राखायचे. जत्रेनंतर कुंड उपसायचं कसं, दगडावरचं शेवाळ कशाने काढायचं, पाणी आजारी पडलं की वास कसा बदलतो, हे तिने चिएकोला सांगितलं. चिएको ऐकत राहिली आणि मग चक्क रडली. या देशात पाण्याबद्दल बोलायला तिला पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.

सप्टेंबरात चिएकोचा फोन आला. माझी स्नानघरं सांभाळशील का? कायमची, पगारावर, राहायला खोलीसकट. वसुंधरेने तो फोन कानाला लावून स्वयंपाकघरातच खाली बसकण मारली. सव्वीस वर्षं तिच्या रेसिडेंट कार्डावर, दर दोन वर्षांनी नवं होऊन, एकच ओळ येत होती: कामाची परवानगी नाही. नवऱ्याच्या नावावर आलेली बाई, नवऱ्याच्या नावावर परत जाणार. आणि आता सालिमने अर्ज केला होता, लेबर क्लिअरन्स आला होता, आणि फक्त एकच सही राहिली होती. व्हिसा नवऱ्याकडून नव्या मालकाकडे जाण्यासाठी नवऱ्याची सही. तीस तारखेच्या आत ती झाली नाही, तर कडवईचं तिकीट काढून ठेवलेलं होतंच.

दोन महिने ती सवड शोधत होती. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, माणूस जरा सैल झाला, की काढू कागद, असं तिने ठरवलं होतं. नवऱ्याचा मूड तेल लावल्यावर बरा असतो, हा तिचा सदतीस वर्षांचा अनुभव होता.

*

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला जनार्दन स्नानघरात लाकडी चौरंगावर बसला होता आणि वसुंधरा त्याच्या पाठीला तिळाचं तेल चोळत होती.

"जरा जोरात चोळ गो. दमलीस काय?"

"दमायला काय झालं?" तिने उटण्याचा लेप हातावर घेतला. "ऐका. इथे बसूनच तांब्याने पाणी घ्यायचं. तेल, उटणं सगळं निघालं पाहिजे. मग टबात बसा हवं तेवढं. मी धनेशला उठवते."

"होय होय."

काल चिएकोने हेच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच लाकडी टबात उतरायचं. टबात साबण नाही, तेल नाही, काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. जनार्दन तेव्हा बाहेर इराला व्हॉल्व्ह दाखवत होता. आपल्याच पाइपांतून येणाऱ्या पाण्यात कसं बसायचं हे आपल्याला कुणी सांगावं, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

बायको गेली. जनार्दन एकटा राहिला. टबातून वाफ येत होती. खिडकीबाहेर डोंगर अजून काळा होता, खाली खजुरीच्या बागेत कुठेतरी कोंबडा आरवला. ही ओमानमधली शेवटची दिवाळी. अंगाला उटण्याचा वास, पाण्याला गंधकाचा वास. सासुरवाडीला पहिल्या दिवाळसणाला गेलो होतो तेव्हा तुरळच्या कुंडावर असाच वास होता. तेव्हा कुठे कुणी तांब्याने आधी अंग धुतलं होतं? तेल लावायचं आणि सरळ कुंडात उतरायचं. त्याचं मन भरून आलं, आणि मन भरून आलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत. तो उठला आणि तेलाउटण्यासकट टबात उतरला.

आहाहा. गळ्यापर्यंत ऊन पाणी. त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा पाण्यावर तेलाची चकती तरंगत होती. सोन्यासारखी दिसत होती. टब काठोकाठ भरलेला, झऱ्याचं पाणी सतत येणारं आणि काठावरून सतत बाहेर पडणारं. चकती हळूहळू काठाकडे गेली, काठावरून घरंगळली आणि खालच्या पन्हळीत नाहीशी झाली. मागून उटण्याचा पिवळा गाळ निघाला.

आणि मग फोरमन जागा झाला. त्या पन्हळीचा पाइप त्यानेच टाकला होता. या स्नानघरातून दोन लाइनी जातात. अंग धुतलेलं पाणी जातं शोषखड्ड्यात. टबातलं पाणी जातं फलजमध्ये. फलज म्हणजे गावाचा पाट, त्यावर अख्ख्या गावाच्या बागा जगतात आणि त्यात कुणी साधे साबणाचे हात धुतले तरी पंचायत बसते. त्या अटीवरच गावाने चिएकोला पाणी दिलं होतं. दोन लाइनी वेगळ्या ठेवायच्या म्हणून सालिमने त्याला चारदा बजावलं होतं, आणि त्याने छाती ठोकून सांगितलं होतं की जना फोरमनच्या कामात थेंबभर गडबड होणार नाही.

"वसे!" तो ओरडला. "अगो वसे! धाव!"

*

सोनल धावत आली तेव्हा सासरे पंचा गुंडाळून, पिवळे धमक, टबाशेजारी उभे होते. चिएको दारात आलेली.  तिने पाण्याकडे बघितलं, मग पन्हळीकडे, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. हा टब तिच्या आईचा होता. सराय बंद पडल्यावर जपानहून जहाजाने मागवलेला.

"सॉरी, मॅडम," जनार्दन म्हणाला. "सॉरी. आय... धिस इज अवर..." 

चिएकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती वसुंधरेकडे वळली. "वसु-सान, काय करूया?"

सोनलला वाटलं, आता आई पदराने घाम पुसतील आणि बाबांकडे बघतील. घरात नळ गळला तरी त्या तेच करायच्या.

"पहिलं, पाणी टबात येणं बंद," वसुंधरा म्हणाली. "अहो, बाहेरून वळवायचा व्हॉल्व्ह आहे ना तुमचा? तो उघडा आणि टबाचा बंद करा. झरा थांबवू नका, गावाची पाण्याची पाळी चालू असेल. पाणी वेळेवर गेलं पाहिजे."

जनार्दन पंचा सावरत बाहेर पळाला. बायकोचं ऐकून तो इतक्या लगबगीने कधी कुठे गेल्याचं सोनलला आठवत नव्हतं.

"आता टबाचं बूच काढायचं का?" धनेशने विचारलं.

"अजिबात नाही. तेही पाणी फलजलाच जातं. सगळं हाताने उपसायचं आणि इथे, अंग धुवायच्या मोरीत ओतायचं. बादल्या आणा. यशू, तू टबाशी. धनेश मध्ये. सोनल, तू मोरीशी. इरा, दारात उभी राहा आणि कुणाला आत येऊ देऊ नकोस."

"कुणालाच?" इराने विचारलं.

"सुलतान आले तरी थांबवायचं."

इराने दोन्ही हात पसरून दार अडवलं. हजारभर लिटर पाणी असेल. यशश्रीने पहिली बादली भरली, ती धनेशने घेतली, ती सोनलने मोरीत उपडी केली. दुसरी, तिसरी, दहावी. कालपासून एकमेकींना शब्दाने शब्द परत करणाऱ्या नणंद-भावजया आता एका तालात वाकत होत्या. सोनलचा नवा कुर्ता ढोपरापर्यंत भिजला. धनेशच्या चष्म्यावर वाफ जमली आणि त्याने दोन बादल्या स्वतःच्याच पायावर ओतल्या.

"दादा, बघून!" यशश्री ओरडली.

"मला काही दिसत नाहीये!"

"मग तू नुसता हात पुढे कर, मी देते!"

टब रिकामा झाला तेव्हा बाहेर उजाडलं होतं. लाकडाला मात्र तेलाची चिकटी राहिली होती. साबण चालणार नव्हता. साबण लाकडात मुरतो आणि पुढचे सहा महिने पाण्यात उतरत राहतो.

"कोंडा," वसुंधरा म्हणाली. तांदळाचा, असं तिने अरबीत हातवारे करून सांगेपर्यंत चिएको स्वयंपाकघरात पोहोचलीही होती. भाज्या मुरवायला ती कोंडा ठेवायचीच. दोघींनी तो सुती फडक्यात बांधला आणि टबात उतरून गुडघ्यांवर बसून लाकूड घासायला लागल्या. लाकडाच्या रेघेरेघेने, एकीकडून दुसरीकडे, कधी उलट नाही. मध्येच वसुंधरेने वाकून लाकडाला नाक लावलं, मान हलवली आणि परत घासलं. चिएको तिच्याकडे बघून थांबली आणि मग वसुंधरेने हुंगलेलीच जागा पुन्हा घासली.

सोनल हातात रिकामी बादली घेऊन बघत राहिली. हिला मी इराचा डबा भरायला घरी बसवणार होते, तिच्या मनात आलं. तिला स्वतःची लाज वाटली.

*

इराची अडवणूक सुलतानाला पुरली असती, पण हुमैदसाठी कमी पडली. हुमैद म्हणजे या फलजचा अरीफ. पाण्याच्या पाळ्या वाटणारा, आणि पाण्यात काही चुकलं तर ज्याच्यासमोर उभं राहावं लागतं तो. सत्तरीचा, काठी टेकत आलेला. मागे सालिम, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता धावत आलेला, यावरूनच प्रकरण काय आहे ते कळत होतं.

हुमैदच्या मोकळ्या हातात खजुरीचं एक पान होतं आणि पानावर पिवळसर ओला गाळ. त्याने तो सगळ्यांसमोर धरला.

"पहिल्या हौदात सापडलं," तो अरबीत म्हणाला. "विषारी आहे?"

जनार्दन पुढे झाला. पण चौतीस वर्षांतलं त्याचं सगळं अरबी सिमेंट, खोदाई आणि यल्ला, म्हणजे चला लवकर, यांच्याभोवतीचं होतं. 

"नाही, चाचा," वसुंधरा टबातून बाहेर येत म्हणाली. तिच्या हातांना कोंडा लागलेला होता. "वास घ्या. चंदन आहे, हळद आहे, गुलाबाच्या पाकळ्या आहेत. आज आमची ईद. पहाटे तेल लावून हे अंगाला लावतात. तुमच्याकडे नवरीला लावता तसं. टबात जायला नको होतं. चूक आमची आहे. पाणी आम्ही फलजला सोडलं नाही, सगळं उपसून मोरीत टाकलंय. जे पुढे गेलं ते पहिल्या हौदात तरंगत असेल. चला, मी झावळीने काढते."

धनेश आणि यशश्रीने एकमेकांकडे पाहिलं. आईला एवढं अरबी येतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं ते तिला भाजीवाल्याकडे नेऊन तिच्या वतीने भाव विचारत होते.

हुमैदने पान नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग सालिमकडे वळला.

"तू चार दिवस मस्कतला असतोस. मी वर्षभर विचारतोय, या घरच्या पाण्याला जबाबदार माणूस कोण? मला नाव हवं. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात उभं राहू?"

 उत्तर चिएकोने दिलं. तिला आडपडदा ठेवायचं कधी जमलंच नव्हतं.

"वसुंधरा," ती म्हणाली. "पहिल्या डिसेंबरपासून."

वसुंधरेने नवऱ्याकडे पाहिलं. पंचा गुंडाळलेला, कानामागे उटणं राहिलेला जनार्दन तिच्याकडेच बघत होता. एवढं अरबी त्यालाही कळत होतं. कागद अजून पर्समध्ये होता, फराळ व्हायचा होता, आणि सगळं ठरवलेलं वाफेत गेलं होतं. आता नाही म्हणायचं, किंवा होय म्हणायचं.

"डिसेंबरपासून नाही," ती हुमैदला म्हणाली. "आजपासून. माझं नाव लिहा."

"आणि पुढच्या वेळी?"

"तेल लावलेला माणूस या टबापर्यंत पोहोचणार नाही."

"तुझा नवरासुद्धा?"

"नवरा तर नाहीच नाही."

हुमैद हसला. दात कमी होते, पण हसू पूर्ण होतं. तो काठी टेकत पुढे निघाला आणि वसुंधरा झावळी तोडून त्याच्यामागे हौदाकडे गेली. वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा हौद आरशासारखा झाल्याचं सालिमने सगळ्यांना सांगितलं. आणि हुमैदने आजची पाळी ज्या बाईच्या बागेची होती तिच्याकडून खजूर पाठवले होते, ईदचे म्हणून.

*

फराळाच्या ताटांभोवती सगळे बसले, पण चकलीला कुणी हात लावला नाही. वसुंधरेने पर्समधून कागद काढून मध्ये ठेवला होता.

"दोन महिने लपवलंस," जनार्दन म्हणाला.

"तुम्ही कडवईचं तिकीट काढलंत तेव्हा मला विचारलंत?"

"तुझंही काढलंय!"

"तेच म्हणते मी."

"बाबांचं बरोबर आहे," धनेश म्हणाला.

"बाबांनी अजून काही मुद्दा मांडलाच नाहीये, धनेश," सोनल म्हणाली. 

यशश्रीचा चेहरा लाल झाला होता. "पण आई, हे काम? लोकांची बाथरूम धुणार तू? शाळेत मी काय सांगू? की माझी आई हॉटेलात..."

"सांग ना, की माझ्या आईला छप्पन्नाव्या वर्षी स्वतःच्या नावावर व्हिसा मिळाला," सोनल म्हणाली. "काल तूच म्हणत होतीस, इंडिपेंडंट व्हायचं तिने. झाली! आता रडतेस कशाला?"

"तू तिच्या बाजूने? काल तर तुला ती इरासाठी हवी होती!"

"काल मी मूर्ख होते," सोनल म्हणाली. हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. वसुंधरेने सुनेकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

यशश्रीने करंजीची कड मोडली. मग पुटपुटली, "शुक्रवारी मी येऊन राहीन इथे. चालेल ना?"

"आधी अंग धुवायचं," वसुंधरा म्हणाली, आणि यशश्रीला हसू आलं.

राहिला जनार्दन. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला ते आवडत नव्हतं.

"लोक काय म्हणतील?" त्याने सुरुवात केली, पण त्यात जोर नव्हता, खरी गोष्ट ती नव्हतीच. ती थोड्या वेळाने बाहेर पडली. "मी एकटा काय करू तिकडे? मला साधा भात लावता येत नाही, वसे."

वसुंधरा त्याच्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"ब्याऐंशी साली तुम्ही इकडे आलात. धनेश एक वर्षाचा. मला त्या घरात एकटीला झोप येत नव्हती. सासूबाई खोकायच्या, बाहेर वारा असायचा, मी दिवा लावून बसायची. आठ वर्षं. जाऊ नका, असं एकदा तरी म्हटलं का मी? तुम्हाला काम मिळालंय, जा, असंच म्हटलं. मी झोपायला शिकले. तुम्ही भात लावायला शिका."

 जनार्दनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागद जवळ ओढला.

"पेन," तो म्हणाला.

यशश्रीने पेन दिलं. सगळ्यांना वाटलं, झालं. पण जनार्दन सही करण्याआधी कागद वाचायचा माणूस होता, आणि त्याने शब्दावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. नाव. पासपोर्ट नंबर. राष्ट्रीयत्व. मग बोट थांबलं.

"नाय," तो म्हणाला आणि पेन खाली ठेवलं.

वसुंधरा पुढे वाकली. "काय नाय?"

"हे काय लिहिलंय? डेसिग्नेशन, क्लीनर!" त्याचा आवाज चढला. "सालिम! अर्बाब, इधर आओ!"

आपल्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हटलेलं ऐकून सालिम आला. मागून चिएको.

"ये क्या है? क्लीनर?"

सालिमने खांदे उडवले. सरकारी कागद करून देणाऱ्या पीआरओने टाइप केलं होतं. त्या शब्दाला क्लिअरन्स लवकर मिळतो. सोपं पडतं.

"सोपं पडतं म्हणूनच मला हेल्पर केला होता!" जनार्दन आता मराठी आणि हिंदी दोन्हीत बोलत होता. "मुंबईत सात वर्षं प्लंबिंग करून आलेला माणूस, आणि व्हिसावर हेल्पर. चार वर्षं! फोरमनची जागा निघाली की मालक म्हणायचा, पेपरमध्ये हेल्पर आहेस, जना. चार वर्षं मी त्या एका शब्दाखाली माती उपसली. आज सकाळी काय झालं ते पाहिलंस ना तू? कुणी केलं ते? क्लीनरने? माझी बायको क्लीनरच्या कागदावर जाणार नाही. सुपरवायझर लिहा. बाथहाउस सुपरवायझर. नाहीतर सही नाय."

"पुन्हा अर्ज करावा लागेल," सालिम म्हणाला. "पंधरा दिवस लागतील."

"महिना आहे तीस तारखेला. उद्या रविवार, ऑफिस उघडेल. मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. चौतीस वर्षं लेबर ऑफिसच्या रांगेत उभा राहिलोय, कुठल्या खिडकीवर कुठला माणूस बसतो ते मला ठाऊक आहे."

चिएकोने नवऱ्याला जपानीत एकच वाक्य सांगितलं. ते काय होतं ते कुणाला कळलं नाही, पण सालिमने लगेच मान डोलावली.

जनार्दनने पेन उचललं. क्लीनर शब्दावर रेघ मारली, वर त्याच्या फोरमनच्या ठसठशीत अक्षरात नवं पद लिहिलं, आणि खाली सही ठोकली. मग कागद बायकोकडे सरकवला, जणू हे सगळं पहिल्यापासून त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. धनेश म्हणाला, "आईचं बरोबर आहे," आणि इराने टाळ्या वाजवल्या. चिएकोने वाकून नमस्कार केला. वसुंधरेने कागद दोन्ही हातांत धरून वाचला, पुन्हा वाचला. सुपरवायझर. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि ती हसली, अगदी मोठ्याने, खिडकीतून बागेपर्यंत जाईल इतकं.

सगळे चकल्यांवर तुटून पडले तेव्हा जनार्दन तिच्याकडे सरकला. सरळ विचारणं त्याला जमत नव्हतं, म्हणून ताटलीत बघत विचारलं.

"सुट्टी किती देतात?"

"वर्षाला तीस दिवस. तिकिटासकट."

त्याने चकलीचा तुकडा मोडला. "मी तेव्हा दोन वर्षांतून एकदा कडवईला यायचो."

"ठाऊक आहे," वसुंधरा म्हणाली. "म्हणून पहिलं तेच विचारून घेतलं."